आधी उताराची परवानगी, मग इमारतीची

११ डिसेंबर १९९३ रोजी मलेशियात, क्वालालंपूरजवळच्या हुलू क्लांगमध्ये, ‘हायलँड टॉवर्स’ या संकुलातली एक बारा मजली इमारत पायासकट सरकली आणि आडवी झाली. ४८ माणसं गेली. ही काही काल-परवा उभी राहिलेली कच्ची इमारत नव्हती. तिच्यात वर्षानुवर्षं कुटुंबं राहत होती. बदल झाला होता तो मागच्या टेकडीवर. तिथे नव्या वसाहतीसाठी झाडं काढून जमीन उघडी केली होती. टेकडीवरून येणारा ओढा पाइपांमधून वळवलेला होता. सुमारे दहा दिवस पाऊस लागून राहिला, वरून सुटलेला गाळ आणि पालापाचोळा पाइपांत अडकला, पाणी उतारात मुरलं. पार्किंगमागच्या संरक्षक भिंती ढासळल्या आणि सुटलेल्या मातीने इमारतीचा पायाच पुढे ढकलला.

पुढे खटला चालला, तेव्हा उच्च न्यायालयाला दोष एकाच्या पदरात घालता आला नाही. तो बांधकाम करणारी कंपनी, वास्तुरचनाकार, अभियंता, वरच्या जमिनीचे मालक आणि स्थानिक संस्था यांच्यात वाटावा लागला. स्थानिक संस्था तर २००६ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या निकालात भरपाईच्या जबाबदारीतून सुटलीही. प्रत्येकाच्या हातात प्रकरणाचा एकेक तुकडा होता. आख्खी टेकडी मात्र कुणाच्याच हातात नव्हती.

वाढत्या वसाहतींच्या मातीकामाबद्दल माझं म्हणणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. आपण परवानगी देतो ती प्लॉटला आणि इमारतीला. माती सरकते ती उताराच्या हिशेबाने, पाणी वाहतं ते पाणलोटाच्या हिशेबाने. म्हणून मातीकामाला इमारतीपासून वेगळी आणि तिच्याआधीची परवानगी हवी. ती एका प्लॉटपुरती नसावी. ज्या उतारावर, ज्या ओहोळाच्या काठी पुढच्या दहा-वीस वर्षांत वस्ती वाढणार आहे, त्या सगळ्या जमिनीचा विचार करूनच ती दिली जावी.

सध्या काय होतं ते कोणत्याही प्रकल्पाची फाइल उघडून पाहावं. मजल्यांचे आराखडे असतात, जिना किती रुंद, गाड्या किती लागणार, आग लागली तर बंब कुठून येणार, सगळं असतं. मातीचा उल्लेख अंदाजपत्रकात एका ओळीत येतो: ‘सर्व प्रकारच्या मातीत खोदकाम करणे, वाहतुकीसह.’ मला ही ओळ दर वेळी वाचताना गंमत वाटते. सिमेंटची प्रत लिहायची, सळईचा व्यास लिहायचा, आणि ज्याच्यावर हे सगळं उभं राहणार त्याला मात्र ‘सर्व प्रकारची’ म्हणून मोकळं व्हायचं. पैसेही घनमापावर मोजले जातात, म्हणजे जो जास्त माती लवकर हलवेल त्याचं भलं. उतार हळूहळू, वरून खाली, पायऱ्या ठेवत कापला म्हणून कुणाला जास्त पैसे मिळत नाहीत. खालून कुरतडत गेलं तर पोकलेन पटापट चालतो, डंपर भरभर भरतात आणि उताराचा आधारच निघून जातो.

मातीची तपासणीही बहुतेक वेळा इमारतीपुरतीच होते. जिथे कॉलम येणार तिथे बोअर घ्यायचे, नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, जमीन किती वजन पेलेल याचा आकडा आला की काम झालं. संरक्षक भिंतीच्या जागी बोअर नाही. आतल्या रस्त्याखाली नाही. जिथे भराव टाकायचा आहे तिथे तर नाहीच, कारण तिथे ‘काही बांधायचं नाहीये’. जुना नाला कुठून जात होता, कोणती विहीर बुजवली, खाण कुठे होती, हे आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. त्यांच्याशी अर्धा तास बोलायला एका बोअरच्या हजाराव्या हिश्शाचाही खर्च येत नाही, तरी ते क्वचितच कुणी करतं.

आता ‘वाढती’ या शब्दाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. एकटी इमारत एकदाच जमीन उकरते. वाढती वसाहत वर्षानुवर्षं उकरत राहते. पहिल्या टप्प्यात निघालेली माती कुठेतरी टाकायची असते. ती खोदली की फुगते, साधारण २० ते ३० टक्के, कधी त्याहून जास्त. खड्ड्याच्या मापावरून केलेला हिशेब चुकतो आणि नको असलेला ढीग उरतो. दूर नेऊन टाकायची तर डिझेल लागतं. मग ती शेजारच्या घळईत जाते, जिथे तिसरा टप्पा पाच वर्षांनी येणार असतो. वरून दोनदा बुलडोझर फिरतो, जमीन सपाट दिसू लागते, गवतही उगवतं. पाच वर्षांनी तिथे येणारा अभियंता त्या सपाटीला जमीन समजतो.

अशा नुसत्या ओतलेल्या मातीचं काय होतं हे हाँगकाँगने दोनदा पाहिलं. १८ जून १९७२ ला साउ माउ पिंग या वस्तीत भरावाचा उतार पावसात कोसळला आणि ७१ माणसं गाडली गेली. त्याच दिवशी पो शान रोडवर दुसरा उतार सुटला, तिथे ६७ गेली. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, साउ माउ पिंगमध्येच तशाच भरावाचा आणखी एक उतार घसरून १८ जणांचा जीव गेला. कारणं शोधली तेव्हा दिसलं की भराव डंपरमधून कडेवरून खाली ओतलेला होता, थरांमध्ये दाबलेला नव्हता. सैल मातीच्या कणांमध्ये भरपूर पोकळी असते. पाणी शिरलं की कण एकमेकांवरून निसटतात, पोकळी आवळते, तिच्यातल्या पाण्याला निघायला वेळ मिळत नाही आणि क्षणभर कणांचा सगळा भार पाण्यावर येतो. उतार मग घसरतही नाही, चिखलासारखा वाहतो. पळायला वेळ उरत नाही.

यावरचा उपाय जुना आणि अगदी साधा आहे. भराव पातळ थरांत पसरायचा, साधारण वीत-दीड वीत जाडीचा, योग्य इतकं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, घनता मोजायची, मग पुढचा थर. किती पाणी ‘योग्य’ हे ओळखायची पद्धत अमेरिकन अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडली. कोरडी माती नीट दबत नाही, फार ओली लिबलिबते, मधल्या एका बिंदूला ती सर्वांत घट्ट बसते. आजही जगभरच्या साइटवर ही चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे ज्ञानाचा तुटवडा मुळीच नाही. भराव दाबायचा कधी, हे ठरवायची जबाबदारी कुणाची, इथे घोडं अडतं. ‘तात्पुरता ढीग’ म्हणून टाकलेली माती कुणी थरांत दाबत नाही, आणि नंतर तोच ढीग कायमचा होतो. मग त्यावर घर येतं, कधी अर्धं कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धं भरावावर. अर्धं घर जागच्या जागी राहतं, अर्धं खचत जातं आणि भिंतीत मधोमध तिरकी चीर उमटते. रहिवासी मिस्त्रीला बोलावून ती बुजवतात, पुढच्या वर्षी ती पुन्हा येते.

कापलेल्या उताराची फसवणूक वेगळ्या जातीची असते. चिकण माती कापल्याबरोबर जवळजवळ उभी राहते. साइटवरचा मुकादम छातीठोकपणे सांगतो, ‘बघा, किती कडक आहे.’ तो खोटं बोलत नसतो. कणांमधला थोडासा ओलावा त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो, समुद्रकाठच्या ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तसा. पण हे बळ उसनं असतं. उन्हाने भेगा पडल्या, भेगांत पावसाचं पाणी शिरलं की ते निघून जातं. म्हणून उतार आज उभा आहे याचा अर्थ तो उद्या उभा राहील असा घेता येत नाही, आणि उन्हाळ्यात केलेली पाहणी पावसाळ्याबद्दल फारसं काही सांगत नाही. संरक्षक भिंतीचंही तसंच आहे. भिंत मातीचा जोर सहन करायला बांधलेली असते. तिच्यामागे पाणी साचलं तर जोर कितीतरी वाढतो. म्हणून भिंतीमागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला भोकं लागतात. ही भोकं गाळाने बुजतात, किंवा भिंतीला सुंदर फरशी लावताना कुणीतरी ती हौसेने बंद करतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा शब्द ‘तात्पुरतं’ हा आहे. कायमच्या इमारतीचं गणित दोनदा तपासलं जातं. खोदकाम अर्धवट असतानाची जी अवस्था, तिचं गणित बहुतेकदा कुणीच मांडत नाही. शांघायमध्ये २७ जून २००९ ला तेरा मजल्यांची, बांधून होत आलेली इमारत जवळजवळ अख्खीच्या अख्खी आडवी पडली. तिचे फोटो तेव्हा जगभर फिरले. एका बाजूला भूमिगत पार्किंगसाठी साडेचार मीटरहून थोडा जास्त खोल खड्डा खणला होता, आणि त्यातून निघालेली माती दुसऱ्या बाजूला सुमारे दहा मीटर उंच रचली होती. एका अंगाने ढीग रेटतोय, दुसऱ्या अंगाला आधारच नाही. आडव्या जोराने जमिनीखालचे काँक्रीटचे पोकळ खांब मोडले. एक कामगार मेला. इमारतीच्या नकाशावर तो ढीग कुठेच नव्हता, असणारही नव्हता, कारण तो तर नंतर उचलायचा होता.

चरात उतरणाऱ्या मजुराचा मृत्यूही याच ‘तात्पुरत्या’ खात्यात जमा होतो. ड्रेनेजचा चर दोन दिवसांनी बुजवायचाच आहे, मग त्याला फळ्यांचा आधार कशाला, असा हिशेब असतो. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते, म्हणजे एखाद्या मोठ्या मोटारगाडीएवढी. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं तोंड उघडं असलं तरी त्याला श्वास आत घेता येत नाही, कारण छाती फुलायला जागा नसते. अमेरिकेच्या नियमांत पाच फूट, भारतीय मानकात दीड मीटर खोलीच्या पुढे चराला आधार किंवा तिरपी बाजू लागते, काठावर माती रचायची नाही, चढायला शिडी जवळ हवी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत. हे सगळं लिहिलेलं आहे. पण आधाराच्या फळ्यांचा खर्च निविदेत स्वतंत्र ओळ म्हणून नसेल तर ठेकेदार तो स्वतःच्या नफ्यातून काढणार नाही, हे कळायला फार अनुभव लागत नाही. सुरक्षिततेच्या पाट्या आणि पिवळी हेल्मेटं मातीच्या वजनापुढे काही करू शकत नाहीत. ती ओळ निविदेत असणं करू शकतं.

वेगळ्या परवानगीने काही फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवर वस्ती वेगाने चढत होती. १९५२ च्या जानेवारीतल्या पावसाने तिथे हाहाकार केल्यावर शहराने त्याच वर्षी खासगी जमिनीवर उतार कापण्यासाठी आणि भराव टाकण्यासाठी स्वतंत्र नियम केला. १९६३ मध्ये तो कडक करून भूगर्भशास्त्रज्ञ आणि मृदा अभियंता यांचा सहभाग सक्तीचा केला. मग १९६९ च्या मोठ्या पावसाने आपोआप परीक्षा घेतली. १९५२ च्या आधी तयार झालेल्या जागांपैकी दहा टक्क्यांहून थोड्या जास्त जागांचं नुकसान झालं होतं. १९५२ ते १९६२ मधल्या जागांत हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होतं. १९६३ नंतरच्या सुमारे अकरा हजार जागांपैकी फक्त सतरा. टेकड्या त्याच, पाऊस तोच. माती हलवण्याआधी कुणाला तरी उत्तर द्यावं लागत होतं, एवढाच फरक.

हाँगकाँगने १९७६ च्या दुर्घटनेनंतर, १९७७ मध्ये, केवळ उतारांसाठी एक स्वतंत्र सरकारी कार्यालय उभारलं. खासगी असो की सरकारी, उतार आणि खोदकामाचे आराखडे या कार्यालयाकडून तपासून घ्यावे लागतात. आज तिथल्या सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांची नोंद आहे आणि उतारावर नोंदणी क्रमांकाची पाटी लावलेली असते. तो उतार कुणाच्या मालकीचा, देखभाल कुणी करायची, हे त्या क्रमांकावरून काढता येतं. तिथला पाऊस कमी झाला नाही, वस्ती वाढतच गेली, तरी दरडींखाली जाणारे जीव सत्तरच्या दशकाच्या तुलनेत फारच कमी झाले. मोटारीला नंबर असतो तसा उताराला नंबर, ही कल्पना मला फार आवडते. बेवारस उतार हाच सर्वांत धोकादायक उतार असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरांच्या किमतीचा. लोकांना घरं हवी आहेत, आणि तुम्ही आणखी चाचण्या, आणखी महिने वाढवताय. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण खर्च टळत नसतो, त्याची फक्त जागा बदलते. विकासकाने जो खर्च वाचवला तो नंतर रहिवासी भेगा बुजवण्यात आणि भिंती पुन्हा बांधण्यात भरतात. आणि उताराच्या पायथ्याची जुनी वस्ती तर न घेतलेल्या घराची किंमत मोजते. हायलँड टॉवर्समधल्या लोकांनी वरच्या प्रकल्पात एकही घर घेतलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो सहसा खासगीत बोलला जातो. आणखी एक परवानगी म्हणजे आणखी एक टेबल, आणि टेबल आलं की टेबलाखालचा व्यवहार आला. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर असं की, परवानगीचा अर्थ सुरुवातीला मारलेला शिक्का असा घेऊ नये. काम जागोजागी थांबवणारे टप्पे ठरवावेत. वरचा पाणी वळवणारा चर आणि तात्पुरतं गटार पुरं झाल्याशिवाय पोकलेन उतारावर चढणार नाही. भरावाच्या प्रत्येक ठरावीक उंचीला घनतेची नोंद झाल्याशिवाय पुढचा थर पडणार नाही. पावसाळा तोंडावर असताना उतार नव्याने कापायला घेतला जाणार नाही आणि उघडा उतार तसाच ठेवून कुणी निघून जाणार नाही. या गोष्टी डोळ्यांनी दिसतात. फोटोत येतात, शेजाऱ्यांना कळतात. गटार बांधलं की नाही हे ओळखायला अभियंत्याची पदवी लागत नाही. कागदावरचा शिक्का विकत घेता येतो, पण उघड्यावरचं नसलेलं गटार लपवणं तितकं सोपं नाही. आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे पैसे ठेकेदाराच्या खिशातून जाऊ नयेत, नाहीतर कोणता अभियंता काम थांबवायला सांगेल?

तिसरा आक्षेप अभियंत्यांकडूनच येतो. प्रत्येक प्लॉटवर चांगला सल्लागार नेमला की झालं, वर आणखी यंत्रणा कशाला? मला वाटतं, इथेच आपण सर्वांत जास्त फसतो. प्रत्येक प्लॉटचा सल्लागार आपापल्या हद्दीत अचूक असू शकतो. त्याला नेमलेलंच तेवढ्यासाठी असतं. वरच्या प्लॉटवरचं पाणी तो हद्दीपाशी ‘सोडतो’ आणि त्याच्या आराखड्यात ते तिथे संपतं. खालच्याच्या आराखड्यात ते सुरूच होत नाही. अशा दहा बरोबर आराखड्यांची बेरीज करून एक चुकीचा उतार तयार होतो. सगळ्या उताराचा निचरा कुठून कुठे जाईल, हे ठरवणारा एक आराखडा आधी हवा. प्लॉटच्या सल्लागारांनी त्याच्या आत राहून काम करावं. मोठ्या, एकाच मालकाच्या प्रकल्पात हे तुलनेने सोपं आहे. छोट्या-छोट्या तुकड्यांत विकल्या जाणाऱ्या जमिनीत अवघड आहे, आणि नेमकी तिथेच वस्ती सर्वांत वेगाने वाढते. तिथे हा आराखडा स्थानिक संस्थेनेच, जमिनीचे तुकडे पडण्याच्या आधी करायला हवा. पाण्याची वाट एकदा विकली गेली की ती परत मिळत नाही.

राहिला प्रश्न नंतरचा. घराचा ताबा घेताना लोक लिफ्ट चालवून पाहतात, नळ सोडून पाहतात, टाइल्स वाजवून पाहतात. जमिनीचा कागद कुणी मागत नाही, कारण तसा कागदच नसतो. कुठे कापलं, कुठे भरलं, भराव किती खोल, जुना ओढा कुठून जात होता, भिंतीमागचं पाणी कुठे बाहेर पडतं, हे दाखवणारा प्रत्यक्ष कामाचा नकाशा ताब्याच्या कागदपत्रांत असायला हवा. त्याची एक प्रत जमिनीच्या नोंदीला कायमची जोडायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या थ्रेडबो या डोंगरी वस्तीत ३० जुलै १९९७ च्या रात्री रस्त्याखालचा भराव खाली आला आणि १८ माणसं गेली. भराव १९५० च्या दशकातला होता. त्यात नंतर टाकलेल्या पाण्याच्या पाइपलाइनमधून गळती झाली आणि भराव भिजला, असा निष्कर्ष २००० साली चौकशीतून निघाला. माती ओतणारी पिढी वेगळी, पाइप टाकणारी वेगळी, खाली झोपलेली माणसं वेगळी. आज एखाद्या वसाहतीत गॅसची किंवा केबलची लाइन टाकायला येणाऱ्या मुकादमाला आपण कशात खणतोय हे विचारायचं झालं, तर तो कुणाकडे जाईल? सोसायटीच्या सचिवाकडे बहुधा इमारतीचे मंजूर नकाशे सापडतील, जिन्याच्या रुंदीसकट.